केळझरचे मत आणि वर्ध्याचा कौल

नागपूर–वर्धा मार्गावरील केळझर हे सेलू तालुक्यातील गाव स्थानिक परंपरेनुसार महाभारतातील एकचक्रानगरी मानले जाते आणि तेथील टेकडीवरच्या सिद्धिविनायकाची गणना विदर्भाच्या अष्टविनायकांत होते. निवडणूक आयोगाच्या लेखी मात्र या गावाची ओळख अगदी कोरडी आहे: महाराष्ट्रातील आठव्या क्रमांकाच्या वर्धा लोकसभा मतदारसंघातील मतदार यादीचे काही भाग, एवढेच त्याचे स्थान. या मतदारसंघात वर्धा जिल्ह्यातील वर्धा, देवळी, हिंगणघाट आणि आर्वी हे चार विधानसभा मतदारसंघ येतात, तर अमरावती जिल्ह्यातील मोर्शी आणि धामणगाव रेल्वे हे उरलेले दोन. म्हणजे केळझरचा शेतकरी आणि मोर्शीचा संत्रा बागायतदार यांचे जिल्हे, बाजारपेठा आणि पिके वेगळी असली तरी दिल्लीत बोलणारा त्यांचा प्रतिनिधी एकच असतो. निकाल लागला की त्याला जनमताचा कौल म्हणण्याची पद्धत आहे आणि ती चुकीचीही नाही; परंतु त्या कौलात लोकांचे मत जितके असते, तितकेच मतदारसंघाच्या सीमारेषांचे, पक्षांच्या आघाड्यांचे आणि मते मोजण्याच्या रीतीचे गणितही असते. २०२४ साली वर्ध्यात अवघ्या सहा महिन्यांत दोन परस्परविरोधी निकाल लागले, ते या गणिताशिवाय उलगडत नाहीत.

सार्वत्रिक निवडणूक म्हणजे लोकसभेच्या सर्व, म्हणजे ५४३, जागांसाठी एका कार्यक्रमानुसार होणारी निवडणूक. १९५१–५२ मध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता, १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी तो द्वैभाषिक मुंबई राज्याचा भाग झालेला होता, आणि महाराष्ट्राचा मतदार म्हणून वर्धेकरांनी लोकसभेसाठी पहिले मतदान केले ते १९६२ मध्ये. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, कारण अक्षरओळख नसलेल्या बहुसंख्य मतदारांना नावे वाचून शिक्का मारायला सांगणे शक्य नव्हते. चिन्हाचे महत्त्व तेव्हापासूनचे आहे आणि शाळा गावोगाव पोहोचल्यानंतरही ते कमी झालेले नाही.

वर्धा हा गांधीजींचा जिल्हा. सेवाग्रामचा आश्रम, पवनारला विनोबांचे वास्तव्य, जमनालाल बजाज यांचे घराणे आणि १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने येथेच संमत केलेला ‘छोडो भारत’चा ठराव, या सर्वांमुळे ही जागा काँग्रेसची मानली जाणे स्वाभाविक होते. १९५२ मध्ये श्रीमन्नारायण अग्रवाल, ज्यांचा विवाह बजाज घराण्यातच झाला होता, आणि १९५७ पासून सलग तीनदा जमनालालजींचे पुत्र कमलनयन बजाज येथून निवडून आले. १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला तेव्हाही वर्ध्याने संतोषराव गोडे यांच्या रूपाने काँग्रेसचाच खासदार पाठवला. त्यानंतर १९८०, १९८४ आणि १९८९ अशा तीन निवडणुका वसंत साठे यांनी जिंकल्या; देशात रंगीत दूरचित्रवाणी आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, तेच हे माहिती व प्रसारण मंत्री.

१९९१ मध्ये मात्र या बालेकिल्ल्यात कोणालाही सहज पटू नये असे घडले. त्या वर्षी महाराष्ट्रातील ४८ पैकी ३८ जागा काँग्रेसने जिंकल्या, भाजपला पाच आणि शिवसेनेला चार मिळाल्या, आणि उरलेली एकमेव जागा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी घेतली, ती वर्ध्याची. पराभूत झाले ते साठे. राज्यभर काँग्रेसचे वारे वाहत असताना गांधीजींच्या जिल्ह्याने विळा-हातोडा निवडावा, यावरून एवढे तरी निश्चित होते की ‘लाट’ या शब्दाने जितके स्पष्टीकरण मिळते असे वाटते तितके ते मिळत नाही. त्यानंतर मतदारसंघाची वृत्तीच जणू बदलली. १९९६ मध्ये भाजपचे विजय मुडे, १९९८ मध्ये काँग्रेसचे दत्ता मेघे, १९९९ मध्ये काँग्रेसच्याच प्रभा राव, २००४ मध्ये भाजपचे सुरेश वाघमारे आणि २००९ मध्ये पुन्हा मेघे, असा क्रम लागला आणि मावळत्या खासदाराला लगेच दुसऱ्यांदा निवडून देण्याचे वर्धेकरांनी जवळपास सोडून दिले. कुस्तीच्या आखाड्यातून राजकारणात आलेले भाजपचे रामदास तडस २०१४ नंतर २०१९ मध्येही जिंकले, तेव्हा साठे यांच्यानंतर लागोपाठ दोनदा निवडून येणारे ते पहिले ठरले.

तडस यांचे ते दोन्ही विजय मोठे होते. २०१४ मध्ये त्यांनी दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांचा २ लाख १५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला (त्याच वर्षी पुढे मेघे पिता-पुत्र भाजपमध्ये गेले, हा वैदर्भीय राजकारणाचा एक खास नमुना), आणि २०१९ मध्ये प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यावर १ लाख ८७ हजार १९१ मतांनी मात केली. एवढी आघाडी असलेली जागा पाच वर्षांत हातची जाईल, असे सहसा कोणी धरून चालत नाही.

२०२४ ची निवडणूक देशात १९ एप्रिल ते १ जून अशी सात टप्प्यांत झाली आणि वर्ध्याचा क्रमांक दुसऱ्या टप्प्यात, २६ एप्रिलला, लागला. मतदार यादीत सुमारे १६ लाख ८३ हजार नावे होती. उमेदवार २४ होते; मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर, म्हणजे बटणांच्या फळीवर, ‘नोटा’ धरून १६ नावेच मावत असल्यामुळे प्रत्येक केंद्रावर दोन बॅलट युनिटे शेजारी शेजारी लावावी लागली. ‘नोटा’ म्हणजे वरीलपैकी कोणीही नको असे सांगणारे शेवटचे बटण. ते २०१३ पासून आले, मात्र त्याला कितीही मते पडली तरी लोकसभेचा निकाल त्यामुळे बदलत नाही.

केळझरसारख्या गावात मतदान केंद्र बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतील वर्गखोलीत असते. सकाळी मतदान सुरू होण्याच्या सुमारे दीड तास आधी पक्षांच्या पोलिंग एजंटांसमोर यंत्रावर किमान ५० मते टाकून चाचणी घेतली जाते, ती मते मोजून पुसली जातात आणि मगच यंत्र सीलबंद होते. खोलीत शिरलेल्या मतदाराचे नाव पहिला कर्मचारी यादीत शोधून मोठ्याने पुकारतो, ते एजंटांनी ऐकून हरकत घ्यायची असल्यास घ्यावी यासाठी; दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो; आणि त्यानंतर कंट्रोल युनिटवरचे ‘बॅलट’ बटण दाबले गेले की पुठ्ठ्याच्या आडोशामागचे यंत्र एका मतापुरते खुले होते. मतदाराने बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असलेली कागदी चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आत पडते. सायंकाळी केंद्राध्यक्ष ‘१७-सी’ नावाच्या नमुन्यात एकूण किती मते नोंदली गेली ते लिहून त्याची प्रत हजर असलेल्या एजंटांना देतो, आणि मोजणीच्या दिवशी यंत्रातील आकडा याच कागदाशी जुळवून पाहिला जातो. यंत्रांवरच्या वादात या साध्या कागदाकडे फार कमी लक्ष जाते. वास्तविक गावपातळीवरच्या कार्यकर्त्याच्या हातात असलेला तो सर्वांत भक्कम पुरावा आहे. वर्ध्यात मतदान चालू होते त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच्या सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, त्यामुळे प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील चिठ्ठीने निवडलेल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची आधीची पद्धतच कायम राहिली.

एप्रिल अखेरच्या उन्हातही वर्ध्यात ६४.८५ टक्के मतदान झाले, जे त्या टप्प्यात राज्यातील आठ मतदारसंघांत सर्वाधिक होते. ४ जूनला मोजणी झाली. प्रथम टपाली मते, नंतर प्रत्येक विधानसभा क्षेत्राची यंत्रे वेगवेगळ्या टेबलांवर, फेरीमागून फेरी, अशी ती चालते, म्हणूनच दिवसभर ‘लीड’ खालीवर होत राहते आणि कोणत्या तालुक्याची यंत्रे आधी उघडली यावर दुपारचा गुलाल अवलंबून असतो. अंतिम आकड्यांनुसार राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) या पक्षाचे अमर काळे यांना ५ लाख ३३ हजार १०६ आणि तडस यांना ४ लाख ५१ हजार ४५८ मते मिळाली. फरक ८१ हजार ६४८. उमेदवाराला २५ हजार रुपये अनामत भरावी लागते (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी) आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती सरकारजमा होते. वर्ध्यातील पहिल्या दोघांनीच दहापैकी नऊ मते घेतल्यामुळे उरलेल्या सर्व २२ उमेदवारांचे डिपॉझिट जप्त होणे अटळ होते.

या निकालाचे एक वैशिष्ट्य मतदान यंत्रावरच दिसत होते: त्यावर काँग्रेसचा पंजा नव्हता. भाजपविरोधी महाविकास आघाडीच्या जागावाटपात वर्धा शरद पवार यांच्या पक्षाकडे गेले. उमेदवार मात्र आर्वीचे काँग्रेसचे माजी आमदार काळे, जे या निवडणुकीसाठी त्या पक्षात दाखल झाले. त्यातही अडचण अशी की निवडणूक आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले होते आणि शरद पवार यांच्या गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह मिळून मतदानापर्यंत जेमतेम दोन महिने झाले होते. चिन्हातील गोंधळ काय करू शकतो हे साताऱ्यात दिसले, जेथे नुसत्या तुतारीचे चिन्ह घेतलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली आणि याच पक्षाचे शशिकांत शिंदे त्याहून कमी फरकाने हरले. वर्ध्यात चार दशकांहून अधिक काळ पंजा पाहिलेल्या मतदाराला तुतारी शोधायला लावणे हे काम काँग्रेसच्याच कार्यकर्त्यांनी केले, आणि आघाडीचे राजकारण कागदावर नव्हे तर गावातल्या कार्यकर्त्याच्या पायांवर चालते, याचे याहून चांगले उदाहरण त्या निवडणुकीत विदर्भात तरी नव्हते.

आकडे शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. २०१९ च्या तुलनेत तडस यांची मते सुमारे १ लाख २७ हजारांनी घटली, तर विरोधी आघाडीची सुमारे १ लाख ४२ हजारांनी वाढली. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडी आणि बहुजन समाज पक्ष यांना प्रत्येकी ३६ हजारांच्या घरात मते होती. २०२४ मध्ये या दोघांचीही मते बरीच घसरली. भाजपच्या ‘चारसौ पार’ घोषणेमुळे राज्यघटनेत बदल होईल ही भीती दलित वस्त्यांत पसरल्याची चर्चा तेव्हा राज्यभर होती आणि ही घसरण तिच्याशी जुळते. शेतीची बाजू तर उघडीच होती. २०२२ च्या सुरुवातीला क्विंटलमागे दहा हजारांवर गेलेला कापूस २०२३–२४ च्या हंगामात सात हजारांच्या आगेमागे घुटमळत होता आणि सोयाबीनला ४,६०० रुपयांचा हमीभावही बाजारात मिळत नव्हता. भाव वाढेल या आशेने घरात रचून ठेवलेला कापूस पाहत मतदानाला निघालेल्या माणसाला पंतप्रधानांच्या तळेगावच्या सभेतील भाषण किती समाधान देणार होते, हा प्रश्न आहे. कुणबी आणि तेली या दोन मोठ्या समाजांच्या मतांची वर्ध्यात नेहमीच मांडणी होते आणि तीही येथे झाली. मात्र जात हे एकच कारण धरले तर त्याच मतदारांनी २०१९ मध्ये दिलेली पावणेदोन लाखांवरची आघाडी कोठून आली, याचे उत्तर मिळत नाही.

वर्ध्यातला हा बदल एकटा नव्हता. विदर्भातील दहापैकी सात जागा महाविकास आघाडीने घेतल्या आणि राज्यात तिला ३०, भाजपप्रणीत महायुतीला १७ व सांगलीत अपक्ष विशाल पाटील यांना एक जागा मिळाली. मतांची टक्केवारी मात्र वेगळेच सांगते: दोन्ही आघाड्यांना प्रत्येकी ४३ टक्क्यांच्या जवळपास मते होती आणि त्यांच्यातील अंतर साधारण एका टक्क्याचे होते. एका टक्क्याच्या अंतरातून तेरा जागांचे अंतर निर्माण होते, कारण भारतात प्रत्येक मतदारसंघात ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त तो विजयी, मग त्याला निम्म्याहून कमी मते असोत की जास्त, आणि हरणाऱ्याच्या लाखो मतांचा पुढे कोठेही हिशेब धरला जात नाही. देशपातळीवरही हेच घडले. भाजपला २०१९ मध्ये सुमारे ३७.४ टक्के मतांवर ३०३ जागा होत्या. २०२४ मध्ये मते ३६.६ टक्के, म्हणजे एका टक्क्यापेक्षाही कमी घट, पण जागा २४०. मते इतरत्र वाढली आणि उत्तर प्रदेश, महाराष्ट्रासारख्या राज्यांत घटली, हे त्याचे कारण. बहुमताला २७२ लागतात, म्हणून तेलुगू देसमच्या १६ आणि संयुक्त जनता दलाच्या १२ जागांचे मोल अचानक वाढले आणि ९ जून रोजी शपथ घेतलेले सरकार दहा वर्षांनंतर पुन्हा खऱ्या अर्थाने आघाडीचे सरकार झाले. ब्रिटनमध्ये, जेथून ही पद्धत आपल्याकडे आली, त्याच वर्षी जुलैमध्ये मजूर पक्षाने जेमतेम एक तृतीयांश मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळवल्या. नेदरलँड्ससारख्या देशात मतांच्या प्रमाणातच जागा वाटल्या जातात, त्यामुळे असे चमत्कार होत नाहीत. पण तेथे सरकार स्थापन व्हायला अनेकदा कित्येक महिने लागतात आणि केळझरकराला ‘आमचा खासदार’ म्हणून कोणाकडे बोट दाखवता येते, तशी सोय तेथील मतदाराला नसते.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी राज्यात विधानसभेचे मतदान झाले आणि तीन दिवसांनी लागलेल्या निकालात वर्धा लोकसभा क्षेत्रातील सहाच्या सहा जागा भाजपकडे गेल्या. वर्ध्यात पंकज भोयर, हिंगणघाटला समीर कुणावार हे आमदार परत आले. देवळीत २००९ पासून सतत निवडून येणारे काँग्रेसचे रणजित कांबळे यांचा राजेश बकाने यांनी पराभव केला. आणि आर्वीत, जेथे खासदार काळे यांचे स्वतःचे घर, तेथे त्यांच्या पत्नी मयुरा काळे सुमित वानखेडे यांच्याकडून हरल्या. मधल्या काळात महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा करणारी ‘लाडकी बहीण’ योजना आली होती, महायुतीची राज्यातील मते ४३ वरून ४८ टक्क्यांच्या आसपास गेली होती आणि आघाडीची ३५ च्या घरात उतरली होती. या वेळी जागांचे अंतर २३० विरुद्ध ४६ असे झाले. जूनमध्ये ज्या पद्धतीने महाविकास आघाडीच्या पदरात मापापेक्षा जास्त टाकले, तिनेच नोव्हेंबरमध्ये ते व्याजासह काढून घेतले. म्हणून जूनच्या निकालाला जनतेची जाग आणि नोव्हेंबरच्या निकालाला यंत्राचा घोळ म्हणणारे, किंवा नेमके उलटे म्हणणारे, दोघेही सोयीचा अर्धा हिशेब मांडतात.

या सर्व आकड्यांच्या खालच्या थरात गाव असते आणि तेथे एक प्रश्न अजून सुटलेला नाही. निकालानंतर आयोग ‘फॉर्म २०’ प्रसिद्ध करतो, ज्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली याचा तक्ता असतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळता येत असत, म्हणून एखाद्या गावाने कोणाला साथ दिली हे खात्रीने सांगता येत नसे. २००४ पासून देशभर यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार असलेल्या गावात कोणत्या वस्तीचा कल कोठे होता, हे स्थानिक पुढाऱ्याला मग दुपारच्या चहापर्यंत समजते, आणि पुढे रस्ता, नळयोजना किंवा घरकुलाची यादी करताना तो तक्ता कोणाच्या तरी खिशात असतोच. एका मतदाराचे मत गुप्त राहते, पण गावाचे राहत नाही. यावर उपाय म्हणून अनेक केंद्रांच्या यंत्रांतील मते एकत्र जोडून फक्त बेरीज दाखवणारे ‘टोटलायझर’ हे उपकरण वापरण्याचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला आणि विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या अहवालात त्याला पाठिंबा दर्शवला. परंतु केंद्रनिहाय आकडे पक्षांच्या संघटनेला उपयोगी पडतात आणि कोठे कमी पडलो हे त्यावरून कळते, अशी बाजूही मांडली गेली, सरकारने अनुकूलता दाखवली नाही, आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुकांची मोजणी जुन्याच रीतीने, केंद्रागणिक, झाली.